कोंबडीच्या खाद्यातील वनस्पतिजन्य पूरके आणि अंड्यातील खनिजे : निवडीपासून मोजमापापर्यंत

शेवग्याच्या पाल्यात लोह भरपूर असते, तेव्हा तो कोंबडीला खाऊ घातला की अंड्यातले लोह वाढणारच, असा तर्क अनेकदा केला जातो. ऐकायला तो सरळ वाटतो. मात्र चारा आणि अंडे यांच्यामध्ये कोंबडीचे आतडे, यकृत, अंडाशय आणि अंडनलिका असे चार टप्पे आहेत आणि त्यांतला प्रत्येक टप्पा कोणते खनिज किती पुढे जाऊ द्यायचे हे आपल्या नियमांनी ठरवतो. काही खनिजे या टप्प्यांतून सहज पुढे सरकतात, काही जवळजवळ अडूनच राहतात, आणि काही वनस्पती तर उलट अंड्यातले एखादे खनिज कमी करतात. म्हणून पूरक निवडण्याआधी हा मार्ग समजून घेणे, मग कागदावर हिशेब मांडणे, त्यानंतर नियंत्रण गट ठेवून चाचणी घेणे आणि शेवटी प्रयोगशाळेतून अंडी तपासून घेणे, याच क्रमाने हे काम करावे. पुढील विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

आधी अंडे समजून घ्या

साठ ग्रॅमच्या अंड्यात साधारण साडेपाच ते सहा ग्रॅम कवच असते आणि उरलेल्या खाण्याच्या भागात पांढरा बलक पिवळ्याच्या जवळपास दुप्पट असतो. कवचाचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असल्यामुळे एका कवचात दोन ते सव्वादोन ग्रॅम कॅल्शियम असते; खाण्याच्या भागात मात्र जेमतेम तीस मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम खाण्याच्या भागात सर्वसाधारणपणे फॉस्फरस १९० ते २०० मिलिग्रॅम, सोडियम आणि पोटॅशियम प्रत्येकी १४० मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम १२ मिलिग्रॅम, लोह पावणेदोन मिलिग्रॅम, जस्त १.३ मिलिग्रॅम आणि सेलेनियम ३० मायक्रोग्रॅम आढळते. हे आकडे कोंबडीची जात, वय आणि खाद्य यांनुसार थोडेफार हलतात.

ही खनिजे अंड्यात समान वाटलेली नसतात. लोह आणि जस्त जवळजवळ संपूर्णपणे पिवळ्या बलकात असते, कारण ते फॉस्व्हिटिन आणि लिपोव्हिटेलिन या प्रथिनांना बांधलेले असते. यकृतात व्हिटेलोजेनिन नावाचे मोठे प्रथिन तयार होते, ते रक्तातून अंडाशयात पोचते आणि तिथे त्याचे तुकडे होऊन ही प्रथिने बनतात. सोडियम, पोटॅशियम आणि गंधक पांढऱ्या बलकात भरपूर असतात. सेलेनियम दोन्हीकडे जाते आणि कोठे किती जाईल हे त्याच्या रासायनिक रूपावर ठरते. तेव्हा अंड्यातले खनिज वाढले, हे विधान पुरेसे नाही. कोणते खनिज, कोणत्या भागात आणि किती, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

वेळेचाही विचार इथेच करावा. पिवळ्या बलकाची जलद वाढ अंडे सुटण्याआधीच्या सात ते दहा दिवसांत होते. पांढरा बलक अंडनलिकेत अंदाजे तीन तासांत चढतो, तर कवच तयार व्हायला १८ ते २० तास लागतात. त्यामुळे आज खाद्य बदलले तर त्याचा परिणाम पांढऱ्या बलकात काही दिवसांत दिसू लागतो; पिवळा बलक मात्र पहिले दहा-बारा दिवस जुन्या आणि नव्या खाद्याच्या मिश्रणातून बनलेला असतो. खाद्य बदलल्यानंतर आठवडाभरात अंडी तपासून ‘काहीच फरक नाही’ असा निष्कर्ष काढणारे याच ठिकाणी फसतात.

किती टक्के अंड्यात उतरते

पुढची सारी निवड या हिशेबावर उभी असल्यामुळे तो नीट मांडून पाहू. अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते असे धरू. त्या खाद्यात किलोला १५० मिलिग्रॅम लोह असेल तर तिच्या पोटात रोज १६.५ मिलिग्रॅम लोह जाते आणि अंड्यात उतरते सुमारे ०.९ मिलिग्रॅम, म्हणजे साडेपाच टक्के. जस्त किलोला ९० मिलिग्रॅम असेल तर रोज जवळपास १० मिलिग्रॅम पोटात जाते आणि अंड्यात पाऊण मिलिग्रॅमही येत नाही. कॅल्शियमचे चित्र आणखी निराळे आहे. ३.८ टक्के कॅल्शियम असलेल्या खाद्यातून कोंबडीला रोज चार ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम मिळते, त्यातले जवळपास निम्मे कवचात जाते आणि खाण्याच्या भागात एक टक्काही पोचत नाही. सेलेनियम किलोला ०.३ मिलिग्रॅम असेल, तर रोजच्या ३३ मायक्रोग्रॅमपैकी साधारण पंधरा-सोळा मायक्रोग्रॅम, म्हणजे निम्म्याच्या जवळपास, अंड्यात उतरू शकते. अर्थात सेलेनियमचे रूप कोणते आहे त्यानुसार हे प्रमाण बरेच खालीवर होते.

आता शेवग्याच्या पाल्याची पूड घेऊ. तपासणीत तिच्यात दोन टक्के कॅल्शियम आणि किलोला ३०० मिलिग्रॅम लोह आढळले, आणि आपण ती खाद्यात तीन टक्के मिसळली, असे समजू. तिच्यामुळे खाद्यातले कॅल्शियम वाढेल ०.०६ टक्क्याने, आणि कोंबडीला हवे असते साडेतीन ते चार टक्के. लोह वाढेल किलोला नऊ मिलिग्रॅमने, म्हणजे कोंबडीमागे दिवसाला एक मिलिग्रॅमने. त्यातले साडेपाच टक्के अंड्यात उतरले असे उदारपणे धरले, तरी अंड्यातले लोह ०.९ वरून ०.९५ मिलिग्रॅमवर जाईल. एकाच खुराड्यातल्या दोन अंड्यांत याहून अधिक फरक सहज असतो. प्रत्यक्षात एवढीही वाढ होणे कठीण, कारण शरीरात लोह पुरेसे असले की आतडे त्याचे शोषण आपणहून कमी करते.

याउलट किलोला पाच मिलिग्रॅम सेलेनियम असलेली एखादी वनस्पतिजन्य पूड दोन टक्के मिसळली, तर खाद्यात किलोला ०.१ मिलिग्रॅम सेलेनियम वाढते, कोंबडीला दिवसाला ११ मायक्रोग्रॅम अधिक मिळते आणि अंड्यात पाच मायक्रोग्रॅमची भर पडू शकते. सोळावरून एकवीसवर जाणे ही एक तृतीयांश वाढ झाली, आणि ती प्रयोगशाळेत स्पष्टपणे मोजता येते.

या दोन उदाहरणांतच विषयाचे सार आहे. सेलेनियम आणि आयोडीन ही खाद्यातून अंड्यात ठळकपणे जाणारी खनिजे आहेत. मँगनीज, तांबे, जस्त आणि लोह मर्यादित प्रमाणात हलतात, तेही मूळ खाद्यात त्यांची कमतरता असेल तर अधिक. खाण्याच्या भागातले कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, सोडियम आणि पोटॅशियम खाद्य बदलून फारसे बदलत नाहीत, कारण अंड्यात ते किती असावेत हे गर्भाच्या गरजेनुसार कोंबडीचे शरीर घट्ट बांधून ठेवते.

पहिली पायरी : उद्दिष्ट एका वाक्यात लिहा

‘अंडी पौष्टिक करायची आहेत’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘आठ आठवड्यांत खाण्याच्या भागातील सेलेनियम शंभर ग्रॅमला ३० वरून ४० मायक्रोग्रॅमवर न्यायचे आहे’ किंवा ‘साठ आठवड्यांवरील कोंबड्यांच्या अंड्यांतील फुटीचे प्रमाण कमी करायचे आहे’ ही उद्दिष्टे मोजता येतात. दुसऱ्या उद्दिष्टासाठी पिवळा बलक तपासण्याचे कारण नाही, आणि पहिल्यासाठी कवचाची जाडी मोजून काही कळणार नाही.

लोहाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : अंड्यातले लोह वाढवण्यासाठी वनस्पतिजन्य पूरकांवर श्रम घालू नयेत. एक तर वाढ फारशी होत नाही. आणि झाली तरी फॉस्व्हिटिन लोहाला इतके घट्ट धरून ठेवते की खाणाऱ्याच्या शरीरात त्याचे शोषण कमीच राहते.

दुसरी पायरी : वनस्पती निवडा

सेलेनियमसाठी वनस्पतींचा मार्ग खरोखर उपयोगाचा आहे, आणि त्यामागे रसायनशास्त्र आहे. वनस्पती मातीतील अजैविक सेलेनियम शोषून त्याचे मुख्यतः सेलेनोमिथिओनिन, म्हणजे मिथिओनिन या अमिनो आम्लाचे सेलेनियमयुक्त रूप, बनवतात. लसूण, कांदा आणि ब्रोकोली यांच्या कुळांत मिथाइल-सेलेनोसिस्टीनही बनते. कोंबडीचे शरीर सेलेनोमिथिओनिन आणि साधे मिथिओनिन यांत भेद करत नाही, त्यामुळे जिथे जिथे प्रथिनात मिथिओनिन बसते तिथे ते बसते आणि पांढऱ्या बलकातही सहज पोचते. सोडियम सेलेनाइट या अजैविक रूपाचा कल मुख्यतः पिवळ्या बलकाकडे असतो आणि अंड्यात त्याची एकूण उतरणही कमी असते. परंतु वनस्पतीत किती सेलेनियम आहे हे तिच्या नावावरून कळत नाही, ते मातीवर अवलंबून असते. सेलेनियम कमी असलेल्या मातीतला लसूण या दृष्टीने निरुपयोगी ठरतो आणि सेलेनियमयुक्त खत देऊन वाढवलेला तोच लसूण प्रभावी ठरतो. काही रानवनस्पती, विशेषतः अ‍ॅस्ट्रॅगलस प्रजातीतील काही, सेलेनियम इतके साठवतात की त्या जनावरांना विषारी ठरतात. तपासणीशिवाय अशा कोणत्याही पाल्याला खाद्यात स्थान देऊ नये. सेलेनियमयुक्त यीस्ट याच रांगेत विकले जाते, परंतु यीस्ट ही बुरशी आहे, वनस्पती नव्हे; वनस्पतिजन्य असा दावा करताना हा फरक पाळावा.

आयोडीनसाठी तपकिरी समुद्रशैवाल, त्यातही केल्प, हा सर्वांत प्रबळ स्रोत आहे आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचाही. तपासणीत किलोला ५०० मिलिग्रॅम आयोडीन असलेली केल्पची पूड खाद्यात अर्धा टक्का मिसळली तर किलोला अडीच मिलिग्रॅम आयोडीन वाढते. खनिज मिश्रणातून आधीच एक मिलिग्रॅम येत असेल तर बेरीज साडेतीन झाली. युरोपीय संघाने अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात आयोडीनची कमाल मर्यादा किलोला पाच मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणजे आपण मर्यादेच्या आत आहोत. परंतु पुढच्या खेपेची पूड दीड हजार मिलिग्रॅमची निघाली तर त्याच अर्ध्या टक्क्यातून साडेसात मिलिग्रॅम जातील. केल्पमध्ये खेपेनुसार असा फरक पडणे नवलाचे नाही, त्यामुळे प्रत्येक खेप तपासल्याशिवाय मिसळू नये. शैवालात आर्सेनिकही साठते, त्याची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी.

पाला आणि चारा या गटात शेवगा, लसूणघास (ल्युसर्न हा चारा) आणि अझोला (पाण्यावर तरंगणारे लहान नेचे) येतात. शेवग्याच्या पाल्यात प्रथिने २५ टक्क्यांच्या घरात असतात, आणि तीन ते पाच टक्के मात्रेत तो प्रथिने व रंगद्रव्ये यांसाठी चांगला आहे. दहा टक्क्यांच्या पुढे तंतुमय भाग आणि सॅपोनिन हे कडवट घटक यांमुळे खाद्य कमी खाल्ले जाते आणि अंडी घटू लागतात. लसूणघासालाही सॅपोनिनची मर्यादा आहे. ताज्या अझोलात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते, हे हिशेबात विसरले जाते. शंभर ग्रॅम ताजा अझोला म्हणजे पाच-सात ग्रॅम कोरडा चारा. शिवाय तो पाण्यातले जड धातू झपाट्याने शोषतो, त्यामुळे सांडपाण्यावर वाढवलेला अझोला कोंबड्यांना अजिबात देऊ नये. या तिन्हींनी पिवळ्या बलकाचा रंग गडद होतो आणि तेवढ्यावरून अंडे खनिजांनी समृद्ध झाले असे ग्राहकाला, कधीकधी उत्पादकालाही, वाटू लागते. तो रंग झँथोफिल रंगद्रव्यांचा असतो. खनिजांशी त्याचा संबंध नाही.

मसाल्याच्या आणि औषधी वनस्पतींचा गट निराळ्या रीतीने काम करतो. ओवा आणि थाइममधील थायमॉल, ओरेगॅनोतील कार्व्हाक्रॉल, हळदीतील कर्क्युमिन, लसणातील गंधकयुक्त संयुगे ही इतक्या अल्प मात्रेत दिली जातात की त्यांच्या स्वतःच्या खनिजांचा हिशेब करण्याची गरजच नसते. त्यांचा परिणाम झाला तर तो आतड्यातील उपद्रवी जिवाणू कमी होणे, पाचक रसांचे स्रवण सुधारणे आणि आतड्याच्या अस्तराचा शोषक पृष्ठभाग टिकणे यांमार्फत, म्हणजे खाद्यात आधीच असलेले खनिज अधिक शोषले जाऊन होतो. चिकोरीच्या मुळांतील इन्युलिन आतड्याच्या शेवटच्या भागात आंबते, तिथली आम्लता वाढवते आणि खनिजे विरघळलेली राहायला मदत करते. असे परिणाम वय झालेल्या, तणावाखालील किंवा निकृष्ट खाद्यावरच्या कोंबड्यांत अधिक दिसण्याचा संभव असतो. भर उत्पादनातल्या निरोगी, संतुलित खाद्यावरच्या कळपात सुधारायला फारसे काही उरलेलेच नसते. हळदीबाबत एक सावधगिरी अशी की कर्क्युमिन लोहाला बांधते, आणि रंग उठावदार करण्यासाठी हळदीत शिसेयुक्त क्रोमेटची भेसळ झाल्याचे आढळलेले आहे. म्हणून शिशाची तपासणी केलेली हळदच वापरावी.

तिसरी पायरी : खनिज हिरावणारे घटक पाहा

वनस्पतीतील एकूण फॉस्फरसपैकी साधारण दोन तृतीयांश फायटेट या संयुगाच्या रूपात अडकलेला असतो. कोंबडीला तो नीट वापरता येत नाही, आणि हेच फायटेट जस्त, लोह, मँगनीज आणि कॅल्शियम यांनाही बांधून विष्ठेतून बाहेर नेते. त्यामुळे कोंडा किंवा तेलबियांची पेंड वाढवून जस्त वाढवू पाहणाऱ्याच्या हाती अनेकदा उलट फळ येते. खाद्यात फायटेज हे फायटेट फोडणारे विकर (एन्झाइम) मिसळणे हा यावरचा प्रस्थापित उपाय आहे, आणि अंड्यावरील कोंबड्यांसाठी, माझ्या मते, कोणत्याही पाल्याच्या पुडीआधी त्याचा विचार व्हावा. ऑक्झॅलेट असलेल्या पालेभाज्या कॅल्शियम बांधतात, टॅनिन लोह बांधते.

दोन उदाहरणे ठळकपणे लक्षात ठेवावीत. मोहरी आणि रेपसीड यांच्या पेंडीतील ग्लुकोसिनोलेटपासून तयार होणारे थायोसायनेट आयोडीनची पेशींमध्ये होणारी वाहतूक अडवते, त्यामुळे खाद्यात आयोडीन तेवढेच असूनही अंड्यातले आयोडीन घटते. आयोडीन वाढवण्यासाठी शैवाल द्यायचे आणि त्याच खाद्यात मोहरीची पेंड ठेवायची, हा स्वतःचाच पाय ओढण्याचा प्रकार आहे. सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल लोहाशी बांधले जाते आणि पिवळ्या बलकाला, विशेषतः साठवणुकीत, हिरवट-ऑलिव्ह छटा येते. म्हणूनच सरकीची पेंड वापरताना फेरस सल्फेट मिसळण्याची पद्धत आहे.

चौथी पायरी : पूरक तयार करा आणि मिसळा

पाला सावलीत, पातळ थरात, हवा खेळेल असा वाळवावा आणि ओलावा दहा टक्क्यांच्या आत आणूनच दळावा. याहून ओलसर पूड साठवली तर बुरशी येते, आणि अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने यकृताला इजा झाली की व्हिटेलोजेनिनची निर्मितीच मंदावते. खनिजे वाढवण्यासाठी दिलेल्या पुडीने खनिजे वाहून नेणारी यंत्रणाच बिघडावी, असा तो प्रकार होतो. वाळवण्यासाठी रस्त्याच्या कडेची जागा टाळावी, धूळ आणि वाहनांचा धूर दोन्हींतून धातू येतात. पुडीच्या प्रत्येक खेपेचा एकत्रित नमुना काढून ओलावा, राख, हवी ती खनिजे, शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक तपासून घ्यावे. छापील तक्त्यांतील आकडे दिशा दाखवण्यापुरते असतात. हिशेब स्वतःच्या खेपेच्या अहवालावर करावा.

पूरक खाद्यावर भुरभुरू नये, खाद्याचा भाग म्हणून मोजावे. तीन टक्के पाला घातला की तीन टक्के दुसरे काहीतरी कमी झाले, आणि ऊर्जा, प्रथिने व कॅल्शियम यांचा तोल हलला. तो पुन्हा जुळवावा लागतो. अन्यथा पुढे दिसणारा फरक पाल्यामुळे होता की कमी झालेल्या ऊर्जेमुळे, हे सांगता येणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या मानकांनुसार दिवसाला शंभर ग्रॅम खाद्य खाणाऱ्या पांढऱ्या अंड्यांच्या कोंबडीला खाद्यात कॅल्शियम ३.२५ टक्के, फायटेटविरहित फॉस्फरस ०.२५ टक्के, आणि किलोला जस्त ३५, लोह ४५, मँगनीज २०, सेलेनियम ०.०६ आणि आयोडीन ०.०३५ मिलिग्रॅम लागते. आजच्या अधिक उत्पादक जातींसाठी व्यवहारात यापेक्षा अधिक मात्रा ठेवली जाते, परंतु पाया पक्का आहे की नाही हे पाहायला हे आकडे उपयोगी पडतात. वरच्या बाजूला, सेलेनियमसाठी युरोपीय संघाची एकूण मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅम आहे आणि अमेरिकेत वरून घालायचे सेलेनियम ०.३ मिलिग्रॅमपर्यंतच मान्य आहे. किलोला पाच मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यास उबवण घटते आणि भ्रूणात व्यंगे दिसतात. आयोडीनची मात्रा किलोला शेकडो मिलिग्रॅमवर गेली तर अंडी देणेच थांबू लागते.

कमी मात्रेचे पूरक एकदम सगळ्या खाद्यात ओतल्यास कधीच सारखे मिसळत नाही. अर्धा किलो पूड आधी दोन किलो भरड्यात, ते मिश्रण दहा किलोत आणि मग ते शंभर किलोत, अशी चढती मिसळण करावी.

पाचवी पायरी : चाचणी मांडा

एकाच कळपाला पूरक देऊन आधीची आणि नंतरची अंडी ताडून पाहणे, ही सर्वत्र आढळणारी आणि सर्वांत दिशाभूल करणारी पद्धत आहे. कोंबडीचे वय वाढते तसे अंडे मोठे होते, त्यातल्या पिवळ्या बलकाचा वाटा वाढतो आणि कवच पातळ होत जाते. हे सारे पूरकाशिवायही घडते. म्हणून त्याच वयाचा, त्याच जातीचा, त्याच शेडमधला आणि पूरक न मिळणारा नियंत्रण गट सोबत चालवावा लागतो.

लहान प्रमाणावर करायचे तर प्रत्येकी दहा कोंबड्यांचे आठ कप्पे करावेत आणि चिठ्ठ्या टाकून चार कप्प्यांना साधे, चार कप्प्यांना पूरकयुक्त खाद्य द्यावे. इथे मोजणीचे एकक कप्पा आहे, कोंबडी नव्हे, कारण कप्प्यातल्या दहा जणी एकाच भांड्यातून खातात. शक्य असल्यास एक, दोन आणि तीन टक्के अशा चढत्या मात्रांचे गट ठेवावेत. मात्रेबरोबर परिणाम चढत गेला तर तो योगायोग नसल्याची खात्री वाढते. सुरुवातीचे दोन आठवडे सवयीचे समजावेत आणि नंतर किमान सहा ते आठ आठवडे चाचणी चालवावी. रोजचे खाद्यसेवन, अंड्यांची संख्या, वजन, फुटकी आणि बिनकवचाची अंडी यांची नोंद कप्प्यानुसार ठेवावी.

पाणी आणि भांडी यांच्याकडे दुर्लक्ष होते. विहिरीच्या पाण्यात लोह आणि मँगनीज लक्षणीय असू शकते, आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंजऱ्यांतून व भांड्यांतून कोंबड्या जस्त टोचून खातात. दोन्ही गटांना एकाच प्रकारची भांडी आणि एकच पाणी असावे, आणि पाण्याचीही एकदा तपासणी व्हावी.

कवचाचे उद्दिष्ट असेल तर पूरकापलीकडच्या काही गोष्टी चाचणीआधीच ठीक कराव्यात. कवच मुख्यतः रात्री चढते, आणि त्या वेळी आतड्यात कॅल्शियम नसेल तर कोंबडी ते आपल्या हाडांतून काढते. म्हणून कॅल्शियमचा काही भाग जाड दाण्याच्या चुनखडीच्या किंवा शिंपल्याच्या चुऱ्याच्या रूपात संध्याकाळी मिळावा. ‘ड’ जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियमचे शोषण होत नाही. कवच घडवणाऱ्या कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज या विकराला जस्त लागते, तर कवचाखालील पडद्याच्या आणि कवचाच्या सेंद्रिय जाळ्याच्या बांधणीला मँगनीज आणि तांबे लागते. हा पाया कच्चा असेल तर कोणतीही वनौषधी कवच सुधारणार नाही.

सहावी पायरी : अंडी गोळा करून तपासा

चाचणी सुरू होण्याआधी आणि नंतर १४, २८, ४२ व ५६ व्या दिवशी प्रत्येक कप्प्यातून चार-पाच अंडी घ्यावीत. अंडे धुऊन, कोरडे करून प्लॅस्टिकच्या भांड्यात फोडावे. पिवळा आणि पांढरा बलक वेगळे करून त्यांची वजने लिहावीत आणि कप्प्यातल्या अंड्यांचे बलक एकत्र करून एक नमुना बनवावा. कवचाचा कण बलकात पडू देऊ नये. एका अंड्याच्या पांढऱ्या बलकात कॅल्शियम असते अडीच मिलिग्रॅमच्या आसपास, आणि कवचाच्या दहा मिलिग्रॅम भुकटीत जवळपास पावणेचार मिलिग्रॅम. डोळ्यांना क्षुल्लक वाटणाऱ्या त्या कणाने त्या एका अंड्याचा आकडा दुपटीच्या पुढे जातो, आणि एकत्र केलेल्या नमुन्याचाही बराच फुगतो. जस्ताच्या तपासणीसाठी पावडर लावलेले रबरी हातमोजे टाळावेत.

प्रयोगशाळेला नमुना देताना कोणते खनिज हवे आहे हे आधी सांगावे, कारण त्यावर पद्धत ठरते. लोह, जस्त, तांबे आणि मँगनीज यांसाठी नमुना नायट्रिक आम्लात पचवून अणुशोषण यंत्रावर किंवा आयसीपी यंत्रावर (दोन्ही धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणारी उपकरणे) मोजतात. सेलेनियम उष्णतेने उडून जाऊ शकते, म्हणून नमुना भट्टीत जाळून राख करण्याची पद्धत त्याला चालत नाही. बंद पात्रातले आम्लपचनच हवे. आयोडीन तर आम्लातही टिकत नाही, त्याचे निष्कर्षण अल्कधर्मी द्रावणात करावे लागते, त्यामुळे त्याचा नमुना वेगळा द्यावा. प्रत्येक नमुन्याचे दुहेरी मापन, ओलाव्याची टक्केवारी आणि प्रमाणित संदर्भ नमुन्याचा, म्हणजे खनिजाचे प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्याचा, निकाल अहवालात असावा. या तीन गोष्टी नसलेला अहवाल मी स्वीकारणार नाही.

सातवी पायरी : आकडे वाचा

अहवालातील आकडा कोरड्या भागावर आहे की ताज्या, हे आधी पाहावे. अंड्याच्या खाण्याच्या भागात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असल्यामुळे या दोन आकड्यांत चौपट फरक पडतो, आणि जाहिरातींत मोठा आकडा छापण्याचा मोह याच जागी होतो. मग सर्व आकडे दोन प्रकारे मांडावेत : शंभर ग्रॅम ताज्या भागाला किती आणि एका अंड्यात किती. पूरकामुळे अंडी लहान झाली असतील तर पहिला आकडा वाढलेला आणि दुसरा जागच्या जागी दिसू शकतो. कळपाचे उत्पादन ९० टक्क्यांवरून ८० वर आले असेल तर प्रत्येक अंड्याच्या वाट्याला खनिज थोडे अधिक येते, परंतु ती समृद्धी फायद्याची नसते.

त्यानंतर उतरणीची टक्केवारी काढावी : एका दिवसात अंड्यांतून बाहेर पडलेले खनिज भागिले त्या दिवशी खाद्यातून पोटात गेलेले खनिज. पूरकामुळे खाद्यातले खनिज वाढले आणि टक्केवारी तीच राहिली, तर वाढ पूरकातल्या खनिजामुळे झाली. खाद्यातले खनिज जवळपास तेवढेच असून टक्केवारी वाढली, तर पूरकाने शोषण सुधारले. आणि खाद्यात भर घालूनही टक्केवारी घसरत गेली, तर शरीराने दार लावून घेतले आहे. मात्रा वाढवत राहिल्याने खनिज फक्त खतात जाईल.

दोन गटांच्या सरासरीतला फरक हा कप्प्याकप्प्यांतल्या चढउतारापेक्षा मोठा आहे का, हे सांख्यिकी कसोटीने तपासावे. सलग दोन नमुन्यांत तोच कल दिसला तरच मात्रा कायम करावी, आणि खेप बदलली की पूड पुन्हा तपासून मात्रेचा हिशेब नव्याने मांडावा. अंड्यावर सेलेनियम किंवा आयोडीनचा दावा छापायचा असेल तर तो चाचणीतल्या सर्वांत चांगल्या आकड्यावर बेतू नये. वर्षभरातल्या सर्वांत कमी आकड्यावर बेतावा. प्रौढ माणसाला दिवसाला सेलेनियम ५५ आणि आयोडीन १५० मायक्रोग्रॅम पुरते. एक अंडे त्यातला किती वाटा उचलते, एवढेच लेबलावर यावे.